रॉबर्ट लेटन : बिशपविरोधकाच्या पुत्राचे बिशपपद

सतराव्या शतकातील स्कॉटिश बिशप रॉबर्ट लेटन (१६११-१६८४) यांचे जे चित्र आज रूढ आहे, ते प्रामुख्याने गिल्बर्ट बर्नेट यांच्या समकालीन इतिहासग्रंथाने घडविले. विरक्त, मृदुभाषी, वादांपासून अलिप्त असा संतपुरुष हे ते चित्र होय. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. लेटन यांच्या कुटुंबाचा विचार केल्यावाचून त्यांच्या बिशपपदाचा अर्थ उलगडत नाही, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

वडील अलेक्झांडर लेटन कट्टर प्रेस्बिटेरियन होते. चर्चचा कारभार बिशपांनी नव्हे, तर धर्मोपदेशक व ज्येष्ठांच्या सभांनी चालवावा, हे त्या पंथाचे तत्त्व. बिशपांवर घणाघाती टीका करणाऱ्या ग्रंथाबद्दल लंडनच्या स्टार चेंबर न्यायालयाने त्यांना १६३० मध्ये १०,००० पौंड दंड व जन्मठेप सुनावली. त्यांना फटके मारण्यात आले, कान कापण्यात आला, नाक चिरण्यात आले आणि गालावर डाग देण्यात आला. १६४० मध्ये त्यांची सुटका झाली. शिक्षेच्या वेळी रॉबर्ट एडिंबरो विद्यापीठात शिकत होते. पुढे ते न्यूबॅटल येथे प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक आणि १६५३ पासून एडिंबरो विद्यापीठाचे प्राचार्य झाले. राजेशाहीच्या पुनःस्थापनेनंतर डिसेंबर १६६१ मध्ये याच पुत्राने बिशपपदाची दीक्षा घेतली.

हा विश्वासघात होता काय? अनेक प्रेस्बिटेरियनांना तसे वाटले. बर्नेट या नियुक्तीमागे धाकटे बंधू एलिस यांची दरबारी महत्त्वाकांक्षा पाहतात. मात्र रॉबर्ट यांनी डनब्लेन हे लहान व अल्प उत्पन्नाचे धर्मक्षेत्र निवडले, ही गोष्ट निव्वळ स्वार्थाच्या आरोपाशी जुळत नाही. पुढे ग्लासगोचे आर्चबिशपपद सांभाळताना त्यांनी मांडलेली समेटाची योजना अधिक बोलकी आहे. बिशपाने धर्मोपदेशकांच्या सभेत केवळ अध्यक्ष म्हणून बसावे आणि आपला नकाराधिकार सोडावा, असा तिचा गाभा होता. ज्या अधिकाराने पित्याचा चेहरा विद्रूप केला, त्या अधिकाराविना बिशपपद असू शकते काय, हा प्रश्नच जणू पुत्राने मांडला होता.

तथापि योजनेची मर्यादाही येथेच दिसते. नकाराधिकार सोडणे लेटन यांच्या हाती होते. दंड, सैन्य आणि कायदे राजसत्तेच्या हाती होते. १६७० मध्ये, समेटाची बोलणी चालू असतानाच, उघड्या माळावरील धर्मसभांत प्रवचन करणाऱ्यांना देहदंड ठरविणारा कायदा स्कॉटिश संसदेने केला. अशा वेळी पश्चिमेकडील धर्मोपदेशकांनी योजना नाकारली, यात केवळ हटवाद पाहणे अन्यायाचे ठरेल. बर्नेट स्वतः या समेटाच्या प्रयत्नांत सहभागी होते. त्यामुळे अपयशाचा दोष विरोधकांच्या पदरात टाकणारी त्यांची साक्ष सावधपणे वाचली पाहिजे.

१६७४ मध्ये लेटन यांनी पदत्याग केला आणि ससेक्समध्ये भगिनी सफायरा यांच्या घरी उर्वरित दिवस काढले. जून १६८४ मध्ये लंडनच्या एका पांथशाळेत त्यांचे निधन झाले. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी डनब्लेनच्या धर्मोपदेशकांसाठी ठेवला. त्यासाठी उभारलेली ग्रंथालयाची वास्तू आजही उभी आहे.

लेटन यांना संत ठरविले की त्यांचे अपयश जगाच्या क्षुद्रतेवर ढकलता येते. संधिसाधू ठरविले की त्यांची तळमळ नाकारता येते. दोन्ही निवाडे सोयीचे आहेत. सज्जन व्यक्ती दमनकारी व्यवस्थेत शिरून आपल्या पदाला सौम्य करू शकते, त्या पदामागील सत्तेला नव्हे, हे या पिता-पुत्रांची चरित्रे एकत्र वाचली असता स्पष्ट होते. म्हणूनच लेटन यांचा पदत्याग हा जगापासून पळ नसून, उशिरा का होईना, दिलेली प्रामाणिक कबुली होती, असे म्हणावे लागते.