‘स्मृतिचित्रें’ आणि ईश्वरावरील भरंवसा

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’विषयीं मराठी वाचकांत एक मत इतकें रूढ झालें आहे कीं, तें तपासून पाहण्याची गरज कोणास भासत नाहीं. तें मत असें कीं, हें एका विनोदी आणि निर्मळ मनाच्या गृहिणीनें सांगितलेलें संसारचित्र आहे. त्यांतील ख्रिस्ती धर्माचा भाग प्रसंगानें आलेला असून तो बाजूस ठेवला तरी पुस्तकाची गोडी उणावत नाहीं. हिंदु वाचक तो भाग सभ्यपणें ओलांडून पुढें जातो. उलटपक्षीं भाविक ख्रिस्ती वाचकास त्यांत प्रार्थना थोड्या आणि पातेलीं फार, असें वाटण्याचा संभव आहे. शांता गोखले यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर २०१७ मध्यें प्रसिद्ध झालें. त्याच्या उपशीर्षकांतही बाईंची ओळख एक पाणीदार पत्नी अशीच करून दिली आहे. आम्हांला हीं सर्व दर्शनें अपुरीं वाटतात. उद्यां काय होणार हें ठाऊक नसतां ईश्वराच्या इच्छेवर भार कसा टाकावा, हाच आमच्या मतें या पुस्तकाचा मुख्य विषय आहे; आणि त्या विषयावर इतक्या खरेपणानें लिहिलेला दुसरा मराठी ग्रंथ आमच्या पाहण्यांत नाहीं.

या जातीच्या लेखनांत एक दोष सहसा आढळतो. ग्रंथकर्ता लिहावयास बसतो तेव्हां वादळ शमलेलें असतें. शेवट ठाऊक असल्यामुळें तो प्रत्येक संकटाला मागाहून देवाच्या योजनेंत नेमकी जागा देतो, आणि हिशेब चोख जुळतो. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’चें महत्त्व आम्ही कमी लेखीत नाहीं, पण त्या आत्मचरित्राच्या नांवांतच रात्र सरल्याची ग्वाही आहे. वाचक पहिल्या पानापासून निर्धास्त असतो. वस्तुतः भरंवशाचा प्रश्न उद्भवतो तो रात्र सरण्यापूर्वीं. उजाडल्यावर त्याची गरज ती काय राहिली? लक्ष्मीबाईंना त्या त्या वेळीं जें ठाऊक नव्हतें, तें त्या लिहितांनाही ठाऊक नसल्यासारखेंच सांगतात. मागाहून आलेलें शहाणपण त्या आपल्या जुन्या दुःखांवर पांघरीत नाहींत.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं नारायण वामन टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. ही घटना टिळकांच्या बाजूनें पाहिली तर तिच्यांत एक सुसंगति दिसते. आगगाडींत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थानें दिलेला ‘नवा करार’, गिरिप्रवचनाचें वाचन, मनाची सुमारें दोन वर्षांची ओढाताण, आणि अखेर निर्णय. लक्ष्मीबाईंच्या बाजूनें पाहिलें तर सुसंगति कसली? सोंवळ्याचें वेड घेतलेल्या बापाच्या घरीं वाढलेली, शाळेचें तोंड न पाहिलेली, लहान मूल पदरीं असलेली ही स्त्री. नवरा जिवंत, पण तिला ना धड सधवेचें स्थान, ना विधवेचें. पुढचीं चार-पांच वर्षें त्यांनीं आप्तांच्या आश्रयानें, कांहीं काळ पंढरपुरासारख्या क्षेत्रांत काढलीं. टिळकांनीं देवाची हांक ऐकून पाऊल उचललें. लक्ष्मीबाईंना ती हांक ऐकूंच आली नव्हती. परंतु त्या पावलाची निम्म्याहून अधिक किंमत त्यांनींच भरली. टिळकांच्या निष्ठेविषयीं आम्हांला शंका नाहीं. तथापि ‘ईश्वरेच्छा’ हा शब्द निर्णय घेणाराच्या तोंडीं जितका सोपा, तितका तो निर्णय सोसणाराच्या तोंडीं नसतो. आणि धर्मपर वाङ्मयांत बोलावयास सांपडतें तें बहुधा पहिल्यासच. ‘स्मृतिचित्रां’त दुसरा पक्ष बोलतो.

आणि तो मुकाट्यानें शरण गेलेल्याच्या स्वरांत बोलत नाहीं. त्या रडतात, चिडतात, नवऱ्याशीं भांडतात. नगरास त्यांच्याजवळ आल्यानंतरही कांहीं काळ आपला जुना आचार सोडीत नाहींत. १९०० मध्यें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पण ज्या विचारानें त्यांचें मन पालटलें तो विचार उसना नव्हता. जाति देवानें केल्या नसून माणसांनीं केल्या, हें त्यांचें त्यांना उमगलें. नवऱ्यामागून गेलेली बायको, एवढेंच म्हणून जे हा प्रसंग संपवितात त्यांनीं तीं पानें घाईनें वाचलीं असलीं पाहिजेत.

यावर कोणी म्हणेल कीं, नवऱ्याशीं वाद, दैवाशीं वाद, मग श्रद्धा ती कोठें? असा आक्षेप घेणारानें ख्रिस्ती शास्त्रच पुनः उघडून पाहावें. ईयोबाचा ग्रंथ बेचाळीस अध्यायांचा आहे, आणि त्यांतील केवढा तरी भाग ईयोबाच्या तक्रारीनें भरलेला आहे. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन बोलतात. जें घडलें तें न्यायानेंच घडलें असें त्याला समजावितात. ईयोबालाही खडे बोल ऐकावे लागतात, हें खरें; पण अखेरीस देवाचा कोप होतो तो या वकिलांवर, फिर्यादीवर नव्हे. गेथशेमाने बागेंतही येशू आधीं तो दुःखाचा प्याला टळावा अशी याचना करतो. पित्याच्या इच्छेपुढें मान लववितो तो त्यानंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधींची याचना गाळली तर मागें उरतें तें समर्पण नव्हे, बधिरपणा. लक्ष्मीबाईंनीं ती गाळली नाहीं.

पैशाच्या बाबतींत तर हा भेद फारच उघडा पडतो. टिळकांच्या हातीं पैसा टिकत नसे. समोरच्याची गरज दिसली कीं खिसा मोकळा. उद्यांची चिंता करूं नये हा गिरिप्रवचनांतील उपदेश ते अक्षरशः पाळीत, आणि त्यामुळें ती चिंता घरांतील दुसऱ्या माणसास दुप्पट करावी लागे. १९१७ मध्यें त्यांनीं मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यस्त वृत्ति पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. तुकारामाच्या वाटेनें आपण ख्रिस्तापाशीं आलों असें मानणाऱ्या या कवीस तें शोभलें. पण तुकारामाच्या घरीं एक आवलीही होती, आणि तिचें म्हणणें चरित्रकारांनीं कजागपणाच्या सदरांत घालून मिटवून टाकलें. आवलीनें लिहिलें असतें तर काय लिहिलें असतें, याचा तर्क ज्यास करावयाचा असेल त्यानें ‘स्मृतिचित्रें’ वाचावीं. भेद इतकाच कीं, लक्ष्मीबाई नवऱ्यावर रुसतात आणि त्याच वेळीं त्याच्या देवावर विश्वासही ठेवतात. या दोन गोष्टींत विरोध आहे असें त्यांना कधीं वाटलेलें दिसत नाहीं.

त्यांच्या विनोदाची फार स्तुति झाली आहे. ती येथें वाढवीत नाहीं. इतकेंच म्हणतों कीं, हा विनोद त्या भरंवशाहून निराळा काढतां येणार नाहीं. सर्व सूत्रें आपल्याच हातीं राहावींत असा ज्याचा अट्टाहास असतो, त्याला स्वतःच्या फजितीवर हंसतां येत नाहीं. लक्ष्मीबाईंना येतें, कारण सूत्रें आपल्या हातीं नाहींत हें त्या केव्हांच कबूल करून बसल्या आहेत. शेवटल्या भागांत माणसांची ये-जा फार होऊन कथन सैल पडतें, हा दोष मात्र मान्य केला पाहिजे.

टिळक ९ मे १९१९ रोजीं मुंबईस वारले. त्यांनीं हातीं घेतलेलें ‘ख्रिस्तायन’ हें ओवीबद्ध काव्य साडेदहा अध्यायांवर अडलें होतें. तें पुढें लक्ष्मीबाईंनीं उचललें आणि आणखी चौसष्ट अध्याय रचले. टिळकांचें संस्कृत पांडित्य त्यांच्यापाशीं नव्हतें, आणि सर्व अध्याय सारख्या तोलाचे आहेत असें आम्ही म्हणणार नाहीं. पण अकराव्या अध्यायाच्या मध्यावर दुसऱ्याच्या हातून सुटलेलें काम, तें पुरें होण्याइतकें आयुष्य आहे कीं नाहीं हें ठाऊक नसतां, उतारवयांत पुढें रेटणें, हें ‘स्मृतिचित्रां’च्याच कर्तीचें काम खरें. त्या आठवणी १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध होत असतांना, फेब्रुवारी १९३६ मध्यें लक्ष्मीबाई निवर्तल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून बाहेर पडलें तें १९३८ मध्यें.