वृद्धांची स्मृती आणि अँटिऑक्सिडंट पोषकद्रव्ये : बाझेल अभ्यासाची चिकित्सा

प्रस्तावना :
मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असले, तरी विश्रांत अवस्थेत शरीर वापरत असलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन मेंदूस लागतो. या प्रक्रियेत निर्माण होणारी मुक्त मूलके चेतापेशींना इजा पोहोचवू शकतात. जीवनसत्त्व क, जीवनसत्त्व ई व बीटा कॅरोटीन ही अँटिऑक्सिडंट द्रव्ये मुक्त मूलकांना निष्प्रभ करतात. म्हणून त्यांच्यामुळे वार्धक्यातील स्मृतीचा ऱ्हास रोखता येईल, असे गृहीतक मांडले गेले. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील अभ्यास त्याच्या पुष्ट्यर्थ उद्धृत केला जातो. त्यातून नेमके काय सिद्ध होते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अभ्यासाचे स्वरूप :
पेरिग व सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात ६५ ते ९४ वर्षे वयाच्या ४४२ व्यक्तींचा समावेश होता. त्यांच्या रक्तातील जीवनसत्त्वांची पातळी १९७१ व १९९३ अशी दोन वेळा मोजलेली होती. स्मरण, ओळख व शब्दसंग्रह या चाचण्यांतील गुण आणि जीवनसत्त्व क व बीटा कॅरोटीन यांची पातळी यांत सहसंबंध आढळला. वय, शिक्षण व लिंग हे घटक विचारात घेतल्यावरही तो, विशेषतः शब्दसंग्रहाबाबत, टिकून राहिला.

चिकित्सा :
बावीस वर्षांच्या अंतराने घेतलेली दोन मोजमापे हे या अभ्यासाचे बलस्थान होय. तथापि स्मृतीची चाचणी १९९३ मध्येच झाली. त्यामुळे कोणाची स्मृती किती क्षीण झाली, हे त्यावरून सांगता येत नाही. दुसरे असे की, शब्दसंग्रह आयुष्यभराच्या वाचन-व्यवहारातून घडतो व वार्धक्यातही बराच टिकतो. ज्या क्षमतेचा ऱ्हास सर्वांत कमी, तिच्याशीच संबंध अधिक दृढ असेल, तर तो संरक्षणाचा पुरावा मानणे कठीण आहे. ज्या घरात पुस्तके असतात त्याच घरात ताजी फळे व भाज्याही नियमित येतात, ही शक्यता केवळ शिक्षणाची नोंद घेतल्याने पूर्णतः दूर होत नाही.

कार्यकारणसंबंधाचा निर्णय यादृच्छिक चाचण्यांतूनच होऊ शकतो. अमेरिकेतील पुरुष डॉक्टरांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सरासरी १८ वर्षे बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांना अल्पसा लाभ दिसला. सुमारे एक वर्ष घेणाऱ्यांना तो दिसला नाही. हृदयविकार असलेल्या वा त्याचा धोका असलेल्या स्त्रियांच्या २००९ सालच्या चाचणीत वरील तिन्ही द्रव्यांनी बौद्धिक क्षमतेच्या ऱ्हासाची गती एकंदरीत मंदावली नाही. उलटपक्षी, फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांच्या चाचणीत बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले (१९९४). म्हणजे ही गोळी सर्वांस निरुपद्रवीही नाही.

समारोप :
बाझेल अभ्यास महत्त्वाचा आहे, परंतु तो आहार व जीवनमान यांविषयी प्रश्न उपस्थित करतो. गोळ्यांची शिफारस करीत नाही. विसरभोळेपणाच्या भीतीने वृद्ध व्यक्ती निवृत्तिवेतनातून अशा गोळ्या विकत घेतात, तेव्हा सहसंबंध व कारण यांतील भेद केवळ संशोधनपद्धतीचा विषय राहत नाही. त्या पैशांतून आवळा, पेरू, गाजर व पालेभाज्या घरी येणे अधिक हिताचे आहे; आणि स्मृती ढळू लागल्याचे जाणवल्यास गोळीवर विसंबून न राहता वैद्यकीय तपासणी करून घेणे अगत्याचे आहे.