शीग आणि सपाट : माचीखालच्या बाजाराचा साहित्यातला हिशेब

दहिवलीच्या आमच्या घराच्या माळ्यावर एक जुनी पायली होती. काठाला लोखंडी पट्टी आणि बुडाशी वाळवीने खाल्लेले लाकूड. आजोबांचे किराणा-भुसाराचे लहानसे दुकान होते, ते माझ्या जन्माआधीच बंद पडले. त्या दुकानातली माझ्या वाट्याला आलेली वस्तू म्हणजे ही पायली. आजीला मी एकदा विचारले, की वाडीवरच्या लोकांना फसवायला दोन मापे ठेवत असत म्हणतात, ते खरे का? ती म्हणाली, "पायली एकच होती रे. हात दोन होते."

तिच्या बोलण्याचा अर्थ असा. आषाढ-श्रावणात घरातले दाणे संपले की वाडीवरची माणसे भात-नाचणी उसनी न्यायला येत. तेव्हा मापावरून हात फिरे आणि पायली सपाट होई. कार्तिकात भात झोडून झाल्यावर तेच लोक परतफेडीला येत, तेव्हा त्याच पायलीवर शीग चढे. वर सवाई किंवा दिढी असे ती वेगळी. चार पायल्या नेल्या तर पाच किंवा सहा परत, आणि त्या शिगेच्या. मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची आपल्याकडे रीत आहे. देतानाही 'लाभ', घेतानाही 'लाभ'. तो कोणाचा, हे माप धरणाऱ्याच्या हातावर ठरत असे.

मी साहित्याचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून वीस-बावीस वर्षे वाचनालयांतून मिळेल ते वाचत आलो. या वाचनात एक प्रश्न सतत बरोबर राहिला. १९४० ते १९६० या काळातले आमच्या कर्जत-खालापूर भागातले विकणे, विकत घेणे, उसने नेणे आणि फेडणे मराठी पुस्तकांत कुठे सापडते? या लेखात मी प्रामुख्याने तीन प्रकारची पुस्तके समोर ठेवतो : सरकारी गॅझेटिअर, गो. नी. दांडेकरांच्या दोन कादंबऱ्या आणि गोदावरी परुळेकरांचे आत्मकथन. माझे म्हणणे थोडक्यात असे, की पहिल्याला माल दिसतो पण माणूस दिसत नाही, दुसऱ्याला माणूस दिसतो पण त्याचा बाजार दिसत नाही, आणि तिसऱ्याला दोन्ही दिसतात पण फक्त लुटीच्या उजेडात. डोक्यावर मोळी घेऊन विकायला निघालेली बाई या तिन्हींच्या मधून निसटते.

गॅझेटिअरपासून सुरुवात करू. नव्या अभ्यासकाची इथे एक फसगत होते. १८८३चा कुलाबा जिल्ह्याचा खंड उघडला तर त्यात कर्जत तालुका नाही. तो तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, खालापूर त्याचाच पोटभाग होता, आणि आमची माहिती १८८२च्या ठाणे खंडात आहे. जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली निघालेले हे खंड आजही थक्क करतात. पिके, जाती, रस्ते, बाजार, मापे, सगळे आहे. कातकरी काय करतात, ठाकूर काय करतात, तेही आहे. पण ते 'करतात' एवढेच. कातकरी लाकूड विकतात, हे कळते. विकताना काय बोलतात, किती वेळ उन्हात बसतात, न खपलेली मोळी परत नेतात की पडेल त्या भावाला टाकतात, हे कळत नाही. स्वातंत्र्यानंतर १९६४ साली कुलाबा जिल्ह्याचे नवे गॅझेटिअर निघाले. राज्य बदलले, दृष्टी फारशी बदलली नाही. बाजारांची यादी आहे, बाजारात आलेली बाई नाही. हा गॅझेटिअरचा दोष म्हणता येणार नाही. ते लिहिले गेले कारभार करणाऱ्यांसाठी, आणि कारभाऱ्याला माल कुठून कुठे जातो एवढे पुरते.

माणूस शोधायचा तर कादंबरीकडे वळावे लागते. आमच्या भागाचे भाग्य असे, की 'माचीवरला बुधा' ही १९५८ची कादंबरी अक्षरशः आमच्या डोक्यावर घडते. राजमाची मावळात मोडते खरी, पण तिची एक वाट कोंढाण्याच्या लेण्यांवरून आमच्याकडे उतरते. उल्हास नदी त्याच डोंगरात उगम पावते आणि कर्जत-दहिवलीच्या मधून पुढे कल्याणकडे जाते. बुधाच्या माचीवरचे पाणी आमच्या दारावरून वाहते, असे मी मुलांना सांगतो.

मुंबई मागे टाकून म्हातारा बुधा माचीवर परत येतो. झाडे, पाखरे, जनावरे यांच्यात त्याचा जीव रमतो. मराठीत एकांताचे इतके प्रेमळ चित्र क्वचितच कोणी काढले असेल. ही कादंबरी मी चार वेळा वाचली आणि चारही वेळा शेवटी पुस्तक मिटून गप्प बसलो. तरीही दुकानदाराचा नातू म्हणून एक प्रश्न मनातून जात नाही. माचीवर मीठ पिकत नाही.

प्रश्न क्षुद्र वाटेल. पण ज्या गावांना आपण 'स्वयंपूर्ण' म्हणतो त्यांची परीक्षा मिठावर होते. नाचणी-वरी वरकस जमिनीत होई, भाजी रानात मिळे, घर कारवीच्या कुडाचे. मीठ, रॉकेल, कापड आणि कोयत्याचे लोखंड मात्र खालूनच यायचे. मीठ पेण-उरणकडच्या मिठागरांतून, कापड-रॉकेल रेल्वेने. त्यासाठी काहीतरी खाली न्यावे लागे : मोळी, कोळसा, मध, हिरडा, करवंदे. खोपोलीपर्यंत रेल्वे १८५६ साली आली, बोरघाट १८६३ साली खुला झाला. म्हणजे बुधाची कादंबरी निघाली तेव्हा डोंगर आणि मुंबई यांचा व्यवहार शंभर वर्षांचा जुना होता. मुंबईच्या चुली आणि बंब ज्या कोळशावर पेटत त्यातला काही याच सह्याद्रीचा होता. कादंबरीत माची ही मुंबईपासूनची सुटका आहे. प्रत्यक्षात माची मुंबईला बांधलेली होती, आणि ती गाठ स्टेशनाजवळच्या वखारीत होती.

यावर आक्षेप येईल, की कादंबरी म्हणजे रोजमेळ नव्हे. मान्य. बुधाने मिठाला किती पैसे दिले हे मला नको आहे. पण माणूस कोणाकडे हात पसरतो, कोणाशी घासाघीस करतो, कोणाची उधारी चुकवायला वाट बदलतो, यातही त्याचे मन असते. ते वगळले की माणूस निष्पाप वाटू लागतो, आणि निष्पाप माणसाला हिशेब कळत नाही हे शहरी वाचक आपोआप गृहीत धरतो. डोंगरातल्या माणसाविषयीचा हा समज आपल्या प्रेमळ पुस्तकांनीही पोसला आहे.

'जैत रे जैत'मध्ये हीच गोष्ट मधाच्या बाबतीत घडते. दांडेकरांच्या या कादंबरीवर जब्बार पटेलांनी १९७७ साली काढलेला चित्रपट बहुतेकांनी पाहिला असेल. कर्नाळ्याच्या सुळक्याच्या परिसरातला ठाकर नाग्या आणि मधमाश्या यांचे वैर हा तिचा कणा. तिथे पोळे म्हणजे देवाची सत्ता, आणि ते उतरवणे म्हणजे पराक्रम. कथा म्हणून ते जबरदस्त आहे. पण ठाकर-कातकऱ्यांसाठी मध हा विकायचा मालही होता. कड्याला लटकून काढलेला मध बाटलीत भरून बाजारात आणायचा आणि 'गुळाचे पाणी तर नाही ना?' असे गिऱ्हाइकाने विचारले की गप्प राहायचे, हाही एक पराक्रमच. जीव धोक्यात घालून आणलेल्या वस्तूची शंकेखोर गिऱ्हाइकाने किंमत पाडणे, यात केवढे नाट्य होते! मराठी कादंबरीने ते हातचे जाऊ दिले.

तिसरे पुस्तक गोदावरी परुळेकरांचे, 'जेव्हा माणूस जागा होतो', १९७०चे. डहाणू-उंबरगावकडच्या वारल्यांचा १९४५चा लढा त्यात आहे. वेठ, लग्नासाठी घेतलेल्या पैशांपायी जन्मभर राबणारा लग्नगडी, जमीनदार आणि ठेकेदारांची मुजोरी. इथे व्यवहार लपलेला नाही. पैसा माणसाला कसा गिळतो हे इतक्या थेटपणे सांगणारे दुसरे मराठी पुस्तक मला माहीत नाही. ते वाचल्यावरच मला माळ्यावरची पायली वेगळी दिसू लागली, आणि आजोबांविषयी जे वाटत होते त्यात तडा गेला. तो बुजावा असे मला वाटत नाही.

तरी एक मर्यादा सांगितली पाहिजे. लढ्याच्या पुस्तकात आदिवासी दोन रूपांत येतो : आधी लुबाडला गेलेला आणि मग उठलेला. रोजच्या बाजारात तो या दोहोंच्या मध्ये असतो. तिथे तो भाव सांगतो, नाकारतो, उठून जाण्याचे सोंग करतो आणि शेवटी चिमूटभर जास्त घालून सौदा तोडतो. हे शहाणपण लढ्याआधीही होते. त्याची नोंद झाली नाही.

ते शहाणपण कुठे होते, तर 'वाट्या'त. माझ्या लहानपणीही कर्जत-नेरळच्या बाजारात कातकरी आणि ठाकर बाया जमिनीवर बसत. पहिल्या पावसात शेवळे, मग टाकळा, कुर्डू, भारंगी. उन्हाळ्यात करवंदे, जांभळे पळसाच्या द्रोणात. तराजू नाही, वजन नाही. वाटा लावायचा आणि वाट्याचा भाव सांगायचा. आम्ही याला मागासपणा समजत होतो. आज वाटते, की वाटा हे त्या बाईच्या हातातले एकमेव माप होते. पायली दुकानदाराची, तराजू व्यापाऱ्याचा, खंडी कोळशाच्या ठेकेदाराची. वाटा मात्र ती स्वतः लावी. किती पाने, किती फळे, वर कोणते टपोरे ठेवायचे, हे तिचा हात ठरवी. शीग आणि सपाट यांच्या खेळात जन्म गेलेल्या बाईने स्वतःचे माप स्वतःच्या हाती ठेवणे ही साधी गोष्ट नाही.

तेही किती नाजूक होते याचे एक उदाहरण. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण सव्वा पैशाचे नाणे कुठले? सरकारी कोष्टकात एक आण्याचे सहा पैसे धरले, चार आण्यांचे पंचवीस. चार आण्यांचा माल एकदम विकणाऱ्याला पंचवीस मिळणार. आण्या-आण्याचे चार वाटे विकणारीला चोवीस. एक पैसा कोणीच चोरला नाही, तरी तो गेला, आणि गेला तिच्याच ओटीतून.

त्याच दिवशी, १ एप्रिल १९५७लाच, मुंबई राज्यात कृषक दिन आला. कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे 'मानीव खरेदीदार' झाले. केवढा शब्द आहे हा! पिढ्यान्‌पिढ्या खंड भरणारा माणूस एका सकाळी खरेदीदार ठरला. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी घरांचे नशीब त्या दिवसाने बदलले. पण खरेदीदार व्हायला कागदावर कूळ असावे लागते. उचल घेऊन कोळशाच्या भट्टीवर जाणाऱ्या कातकऱ्याच्या नावापुढे कुळाची नोंद कुठून असणार? ज्या दिवशी तालुक्याने सर्वांत मोठी खरेदी केली त्या दिवशी तो गिऱ्हाईकही नव्हता. या दिवसावर मराठीत एक कादंबरी असायला हवी होती. माझ्या वाचनात ती आलेली नाही.

आपण आपल्या वीरांनाही असेच वाचतो. माथेरानचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर हुतात्मा झाले. तोडलेले विजेचे मनोरे आणि झाडलेल्या गोळ्या आम्हाला पाठ आहेत. पण कोतवालांनी त्याआधी गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या होत्या, हे किती जणांना आठवते? आषाढात सपाट आणि कार्तिकात शीग, या चक्राला हात घालणारा माणूस या भागात होऊन गेला. बंदुकीपेक्षा पायलीला हात लावणे कमी धाडसाचे नाही. निदान आमच्या घरात तरी ते जास्त बोचले असते.

म्हणून माझी मागणी दांडेकरांकडे नाही. त्यांनी जे प्रेमाने पाहिले ते दिले. मागणी आपल्याकडे, वाचणाऱ्यांकडे आहे. ग्रामीण म्हणून जे पुस्तक आपण हाती घेतो त्याला दोन प्रश्न विचारावेत : या घरात मीठ कुठून आले, आणि माप कोणाच्या हातात होते? उत्तर नसले तर पुस्तक वाईट ठरत नाही. पण त्यात कोण नाही हे आपल्याला कळते.

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे अजूनही वहीची पूजा होते, दुकान नसले तरी. गेल्या वर्षी मी वहीशेजारी ती पायली ठेवली. हळदकुंकू वाहताना आजीची आठवण झाली. हात पायलीवरून सवयीने फिरला आणि मी तो मागे घेतला.