जीर्णोद्धार, नूतनीकरण आणि सुनावणी

जुन्या वास्तूच्या दुरुस्तीचे परीक्षण बहुधा दगड, चुना आणि खर्च यांच्या हिशेबातच संपते. त्या कामास कोणते नाव दिले गेले, याकडे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः कामाचा हेतू नावातूनच प्रकट होत असतो.

कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन १७ ऑगस्ट २०२५ रोजी झाले. जिल्हा न्यायालय कसबा बावड्यातील नव्या संकुलात गेल्यानंतर भाऊसिंगजी रस्त्यावरील त्याची जुनी वास्तू मागे राहिली होती. तीच दुरुस्त करून बेंचच्या स्वाधीन करण्यात आली. या कामास सर्रास 'नूतनीकरण' म्हटले जाते. हा शब्द च्वि-प्रत्ययाच्या घडणीचा होय. पाणिनीय व्याकरणात या प्रत्ययाचा अर्थ 'अभूततद्भाव', म्हणजे जे पूर्वी तसे नव्हते ते तसे होणे, असा सांगितला आहे. अर्थात 'नूतनीकरण' म्हणताना जुनेपण हा घालवावयाचा दोष ठरतो. 'जीर्णोद्धार' या शब्दाची धारणा निराळी आहे. देवळाचे शिखर नव्याने बांधले तरी देव तोच राहतो आणि पूजाही खंडित होत नाही. न्यायदानासाठीच वापरलेली वास्तू पुन्हा न्यायदानाकडेच आली, हे कोल्हापूरच्या कामाचे खरे श्रेय होय. म्हणून त्यास जीर्णोद्धार हेच नाव शोभते.

तथापि हे नाव एक जबाबदारीही लादते. न्यायालयातील पूजा म्हणजे सुनावणी. हा शब्द 'सुनावणे' या प्रयोजक धातूपासून आलेला आहे. त्यात ऐकण्यापेक्षा ऐकविण्यास प्राधान्य आहे. जुन्या दालनांची उंच छते हवेसाठी उपकारक, परंतु त्यांत शब्द घुमतो. वातानुकूलनासाठी खोटे छत घातले तर घुमणे कमी होते, पण मूळ छत झाकले जाते. यांपैकी काय पत्करावे, याचा निर्णय केवळ शोभेच्या दृष्टीने करता येणार नाही. मागच्या बाकावरील पक्षकारास शब्द ऐकू येतो की नाही, हीच येथे कसोटी मानली पाहिजे.

ध्वनी कानी पडला तरी अर्थ पोहोचतोच असे नाही. महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांसाठी मराठीविषयीची अधिसूचना १९९८ मध्ये निघाली. उच्च न्यायालयाचे कामकाज मात्र संविधानाच्या ३४८व्या अनुच्छेदानुसार इंग्रजीत चालते. परिणामी ज्या वास्तूत पूर्वी पक्षकारास आपल्या दाव्याची भाषा कळू शकत होती, त्याच वास्तूत आता सहा जिल्ह्यांतील पक्षकार आपल्याच प्रकरणात परका ठरण्याचा संभव आहे. अंतर कमी झाले, प्रवासखर्च वाचला, हा लाभ मोठा आहे; तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु सुनावणी पक्षकाराच्या आकलनापर्यंत पोहोचत नाही, तोवर वास्तूचा उद्धार झाला तरी जीर्णोद्धार अपुराच राहिला, असे म्हणावे लागते.