डार्विनची अश्रद्धा आणि एक वगळलेला परिच्छेद

मंडळी, डार्विनच्या नास्तिकतेची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी दोन पद्धतींनी ऐकलेली असते. पहिलीत उत्क्रांतीचा शोध लागतो आणि बायबल कोसळतं. दुसरीत लाडकी मुलगी जाते आणि बापाचा देवावरचा विश्वास उडतो. दोन्ही गोष्टी सांगायला सोप्या, ऐकायला बऱ्या. पण डार्विनने 1876 साली घरच्यांसाठी लिहिलेलं आत्मचरित्र समोर ठेवलं, की दोन्ही पुरत नाहीत. आज आपण त्यातला फक्त धर्मावरचा भाग बघणार आहोत.

माणूस मुळात केंब्रिजला गेला तो पाद्री होण्याच्या वाटेने. पेलीचं पुस्तक त्याला जवळजवळ पाठ होतं. बीगल जहाजावर तो नीतीच्या मुद्द्यावर बायबलचा दाखला द्यायचा आणि जहाजावरचे अधिकारी त्याला हसायचे, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे सुरुवात बंडखोराची नाही. प्रवासातून परतल्यावर, 1836 ते 1839 या काळात, त्याने धर्माचा पुष्कळ विचार केला. जुन्या करारातला जगाचा इतिहास त्याला उघड खोटा वाटू लागला. त्या ग्रंथावर हिंदूंच्या धर्मग्रंथांपेक्षा जास्त विश्वास ठेवायचं कारण नाही, असं तो म्हणतो. इथे आपण जरा थांबायला हवं. आपल्याकडे हे वाक्य वाचून काहींना गंमत वाटते, काहींना राग येतो. पण युक्तिवादात त्याचं काम वेगळंच आहे. दुसऱ्याचा ग्रंथ आपण ज्या सहजतेने नाकारतो, तीच कसोटी स्वतःच्या ग्रंथाला लावली तर काय उरतं, असा तो प्रश्न आहे. हिंदू ग्रंथ त्याने वाचून तोलले होते असं मात्र समजू नका. त्याच वाक्यात तो त्यांच्या शेजारी रानटी लोकांच्या समजुती बसवतो. हा त्या काळच्या इंग्रज माणसाचा आढ्यपणा आहे, आणि तो झाकायची आम्हाला गरज वाटत नाही.

पुढे चमत्कार, शुभवर्तमानांतल्या तपशिलांचा आपसातला बेबनाव, असं एकेक येतं. हा भाग पटापट जातो, कारण त्या मुद्द्यांत तेव्हाही फारसं नवं नव्हतं. पण एक गोष्ट तो प्रांजळपणे सांगतो. विश्वास सोडायची त्याची इच्छा नव्हती. पाँपेईसारख्या ठिकाणी एखादं जुनं हस्तलिखित सापडेल आणि शुभवर्तमानाला पुरावा मिळेल, अशी दिवास्वप्नं तो बघत होता. आम्हाला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत खरा तुकडा वाटतो. श्रद्धा सुटताना माणूस तिला पुरावा शोधत बसतो, हे किती जण कबूल करतात?

अविश्वास अतिशय सावकाश आला, इतका सावकाश की त्रास झाला नाही, असं तो पुढे लिहितो. हे मात्र आम्हाला जसंच्या तसं मान्य करता येत नाही. लग्नाआधी वडिलांनी सल्ला दिला होता, की शंका बायकोपासून लपव. याने लपवल्या नाहीत. 1839 साली लग्न झालं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत एमाने त्याला एक पत्र लिहिलं. सिद्ध झाल्याशिवाय काहीच मानायचं नाही ही विज्ञानातली सवय, ज्या गोष्टी तशा सिद्धच होऊ शकत नाहीत त्यांच्यावर परिणाम करत नसेल ना, असं तिने विचारलं होतं. आपण दोघं कायमचे एकमेकांचे नाही असं वाटलं तर मला फार दुःख होईल, असंही कळवलं. ते पत्र त्याने जन्मभर जपलं. त्यावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं, की मी गेल्यावर तुला कळावं, मी हे कितीदा तरी चुंबलंय, यावर रडलोय. आता सांगा, त्रास झाला नाही म्हणजे काय? युक्तिवादाचा झाला नसेल. पण ज्या माणसाबरोबर संसार करायचा, तिच्या स्वर्गात आपल्याला जागा नाही, याचा झालाच. आत्मचरित्राच्या त्या भागात हे येत नाही, आणि ही त्या लेखनातली मोठी उणीव आहे.

आता ॲनी. ती 1851 च्या एप्रिलमध्ये माल्व्हर्नला गेली, दहा वर्षांची होती. 2009 च्या ‘क्रिएशन’ चित्रपटाने या मृत्यूभोवतीच सगळं गुंफलं. पण धर्माच्या भागात ॲनी नाही. ती येते कुटुंबाबद्दल लिहिताना, आणि तिथे बाप रडतो, देवाशी हिशेब करत नाही. शिवाय शंका त्याआधी दहा-बारा वर्षं चालूच होत्या. दुःखाने श्रद्धा गेली असं म्हटलं, की श्रद्धावंतांना सोयीचं होतं: बिचारा दुखावला होता! त्याच्या विचाराला उत्तर द्यायचं कामच उरत नाही.

खरी आग पेटते ती नरकाच्या मुद्द्यावर. ख्रिस्ती धर्म खरा असावा अशी इच्छा तरी कुणी कशी करावी, असं तो विचारतो. कारण त्या शिकवणीनुसार न मानणाऱ्यांना अनंतकाळ शिक्षा, आणि त्यात माझे वडील, माझा भाऊ, जवळजवळ सगळे जिवलग मित्र आले. या शिकवणीला तो जो शब्द वापरतो तो शिवीच्या जवळचा आहे. त्याचे वडील 1848 मध्ये वारले होते. इथे आक्षेप पुराव्याचा नाही, न्यायाचा आहे.

हाच परिच्छेद एमाला छापायला नको होता. तिचं म्हणणं नीट ऐकलं पाहिजे. अशा शिक्षेच्या शिकवणीबद्दल कितीही कठोर बोललं तरी कमीच, पण आता याला ख्रिस्ती धर्म म्हणणारे थोडेच उरलेत, असं तिने नोंदवलं. म्हणजे ती नरकाची बाजू घेत नव्हती! माकडाला जशी सापाची भीती सोडवत नाही, तशी लहानपणी बिंबवलेली देवाची कल्पना मुलांना सोडवत नसेल, हे वाक्यही तिला खटकलं. 1887 साली मुलगा फ्रान्सिसने पुस्तक काढलं तेव्हा हे भाग गाळले. नात नोरा बार्लोने ते 1958 मध्ये परत घातले. मधली सत्तर वर्षं वाचकांसमोर होता तो सौम्य केलेला डार्विन.

आणि त्या पोकळीत अफवा शिरली. मरताना डार्विनने ख्रिस्ताला स्वीकारलं अशी लेडी होप यांची कहाणी 1915 मध्ये छापून आली. मुलगी हेन्रिएटाने 1922 साली ती साफ नाकारली, तरी अजून ती फिरतेच आहे.

पण आपल्या बाजूच्या मंडळींनाही एक सांगायला हवं. डार्विन स्वतःला नास्तिक म्हणवत नव्हता. 1879 च्या एका पत्रात तो म्हणतो, ईश्वर नाहीच अशा अर्थाने मी कधी नास्तिक नव्हतो, अज्ञेयवादी हा शब्द जास्त बरोबर. 1881 मध्ये एव्हलिंग आणि ब्यूखनर त्याच्या घरी गेले, त्याला आपल्यात ओढायला बघत होते, तेव्हाही तो तिथेच उभा राहिला. इतकं आक्रमक कशाला व्हायचं, असा त्याचा सूर होता. एव्हलिंगने नंतर लिहिलं, की अज्ञेयवादी म्हणजे सभ्य भाषेतला नास्तिकच. शब्दांचा खेळ म्हणून हे चालेल. पण ज्या माणसाने तीसहून जास्त वर्षं गावातल्या पाद्र्याशी मैत्री ठेवली आणि घरी एमासमोर बसून जेवला, त्याने कुठला शब्द निवडायचा हे एव्हलिंगने ठरवावं, हे आम्हाला पटत नाही.