एका पावतीवरचे चार विषय : पाचवीच्या ‘फिर चला काफिला’ या पाठाचे समीक्षात्मक वाचन



कथा-कवितेची समीक्षा आपण करतो, पण पाठ्यपुस्तकाची करायची असते हे सहसा आपल्या मनात येत नाही. वास्तविक आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात सर्वांत आधी आणि सर्वांत बारकाईने वाचलेले गद्य पाठ्यपुस्तकातलेच असते. या टिपणात आपण पाचवीचा एक छोटा पाठ घेणार आहोत आणि त्याला एक प्रश्न विचारणार आहोत : प्राथमिक शाळेत मूल भाषा, गणित, विज्ञान, भूगोल असे जे निरनिराळे शिकते, ते एकमेकांना नेमके कुठे भेटते?

१. पार्श्वभूमी

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने शाळेतले ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडावे, हे आपले एक मुख्य तत्त्व मानले. तिसरी ते पाचवीच्या मुलांना विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे वेगवेगळी न शिकवता ‘परिसर अभ्यास’ हा एकच विषय शिकवावा, अशी त्याची भूमिका होती. त्यानुसार एनसीईआरटीने ‘आस-पास’ ही हिंदी पुस्तके व ‘लुकिंग अराउंड’ ही त्यांची इंग्रजी रूपे काढली. प्राथमिक स्तरावरील पाठ्यपुस्तक समितीच्या अध्यक्षा अनिता रामपाल होत्या. कुटुंब, अन्न, निवारा, पाणी, प्रवास अशा सूत्रांभोवती या पुस्तकांची रचना केलेली होती. २०२३ च्या आराखड्यानंतर त्यांची जागा नवी पुस्तके घेत आहेत. मात्र विषय जोडून शिकवण्याचा आग्रह नव्या आराखड्यातही आहे. म्हणून जुन्या पुस्तकाला हे कितपत साधले, ते पाहणे आजही उपयोगाचे ठरते.

२. पाठाचा आशय

‘फिर चला काफिला’ हा पाचवीच्या ‘आस-पास’मधला शेवटचा पाठ. दसऱ्याच्या दिवशी धनूच्या घरी सारे नातेवाईक बैलगाड्यांतून सामानासह जमतात. बायका पुरणपोळ्या करतात, दिवस हसण्याबोलण्यात जातो. संध्याकाळ झाली की घराचा नूर पालटतो. बायका-मुले सामान बांधू लागतात आणि पुरुष मुकादमासमोर बसतात. मुकादम प्रत्येक कुटुंबाच्या कर्जाचा हिशेब सांगतो, पुढचे सहा महिने कुठे जायचे ते सांगतो आणि खर्चासाठी आणखी थोडे पैसे देतो. मग चाळीस-पन्नास कुटुंबांचा ताफा ऊसतोडीला निघतो. म्हातारी आजी गावातच राहते. ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, कारखान्यावर वजन करून पावती घेणे, ती पावती मुकादमाला दाखवणे, असे सहा महिने जातात. मामी बाजारातून धनूसाठी पेन्सिल, खोडरबर आणि वही आणते, पण शाळाच नसल्यामुळे ती वही कोरी राहते. शेवटी मामा-मामी सुचवतात की पुढच्या वर्षी धनूला आजीपाशी ठेवावे, म्हणजे तो शिकेल.

मराठी वाचकाला या पाठातले जग लगेच ओळखू येते. बीडसारख्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात, पाचटाच्या झोपडीला ‘कोपी’ म्हणतात आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेला ‘उचल’ म्हणतात. तुम्ही दुसऱ्या प्रांतातले असाल, तर वीटभट्टी, चहामळा किंवा मीठागर यांतले असेच शब्द तुम्हांला आठवतील.

३. पाठाचे यश

पाठाची पहिली जमेची बाजू म्हणजे त्यात दया नाही. धनू बिचारा म्हणून समोर येत नाही. तो बैलांशी खेळतो, कारखान्याच्या आवारात भटकतो, मामीचा लाडका आहे आणि आजीची काळजी कोण घेणार याचा विचार करतो. मुकादमही खलनायक म्हणून रंगवलेला नाही, तो हिशेब ठेवणारा माणूस आहे. दहा वर्षांच्या वाचकाला सुष्ट-दुष्टांची गोष्ट सांगणे सोपे असते. इथे त्याच्यापुढे एक व्यवस्था ठेवली आहे आणि तीही सणाच्या दिवसातून, म्हणजे मुलाला कळेल अशा जागेवरून.

४. पाठ कुठे थांबतो?

आता त्या पावतीकडे वळू. पाठात ती येते आणि निघून जाते. तिच्यावर काय लिहिले आहे, हे वाचकाला कळत नाही. किती टन ऊस, टनाला काय दर, आठवड्याला किती कपात, किती शिल्लक, यांतला एकही आकडा पाठात नाही.

याच इयत्तेच्या ‘गणित का जादू’ या पुस्तकाचा पहिला पाठ ‘मछली उछली’ पाहा. त्यात मासळी विकणाऱ्या बायकांनी चालवलेली बँक आहे. ग्रेसी नावाची बाई जाळ्यासाठी ४,००० रुपये कर्ज घेते आणि वर्षभर दरमहा ३४५ रुपये फेडते. मुलांनी गुणाकार करायचा : एकूण ४,१४० रुपये. म्हणजे ४,००० रुपयांवर १४० रुपये अधिक. हिशेब स्वच्छ आहे. पण ग्रेसीच्या घरी कोण कोण आहे, मासळी मिळाली नाही त्या महिन्यात तिने काय केले, हे तिथे नाही.

एका पुस्तकात माणसांसह कर्ज आहे पण आकडे नाहीत. दुसऱ्यात आकड्यांसह कर्ज आहे पण माणसे पुसट आहेत. दोन्ही पुस्तके एकाच दप्तरात असतात, बहुधा एकाच शिक्षकाकडून शिकवली जातात, तरी एक दुसऱ्याचे नाव घेत नाही. विषय जोडण्याच्या सर्व घोषणेनंतरही जोडण्याचे खरे काम मुलावरच सोडलेले आहे.

हे काम झाले तर काय हाती लागते, ते एका उदाहरणाने पाहू. पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, धनूच्या घरावर ६०,००० रुपयांची उचल आहे. आठवड्याला १४ टन ऊस तोडला जातो आणि टनाला ३०० रुपये मिळतात. म्हणजे ४,२०० रुपये झाले. त्यांतले १,५०० रुपये खर्चाला घेतले, तर २,७०० रुपये फेडीत जातात. सहा महिन्यांचे २६ आठवडे धरले, तर ७०,२०० रुपये फिटतात आणि १०,२०० रुपये हातात उरतात.

आता विज्ञान आणू. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्यातले पाणी उडते आणि साखरही घटत जाते. पाठात धनू आणि त्याचे वडील कधी कधी कारखान्याबाहेर गाडीवरच रात्र काढतात, असा उल्लेख आहे. मुलाला ती रात्र गमतीची वाटते, पण तेवढ्या वेळात मोळ्यांचे वजन उतरत असते. समजा, यामुळे किंवा आणखी कशामुळे आठवड्याला एक टन कमी भरला. मग १३ टनांचे ३,९०० रुपये, खर्च वजा जाता २,४०० रुपये. २६ आठवड्यांचे ६२,४०० रुपये. उचल फेडून हातात उरले फक्त २,४००. एका आठवड्यात एकच टन कमी, आणि हंगामाअखेरीस ७,८०० रुपयांचा फरक.

भूगोलही याच पावतीवर आहे. धनूच्या गावी पावसाळ्यानंतर काम का नसते? सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस कमी पडतो. कोरडवाहू शेतीतले काम पावसाबरोबर संपते. ऊस मात्र बारा ते अठरा महिने पाणी मागणारे पीक आहे. ते पाण्याखालच्या जमिनीत उभे राहते आणि दसऱ्यानंतर तोडणीला येते. कोरड्या गावाचे हात पाणी असलेल्या गावाकडे जातात, ते या कारणाने.

आणि भाषा? पाठ ‘कर्ज’ हा एकच शब्द वापरतो. ग्रेसीचेही कर्जच. पण ग्रेसी पैशाने फेडते आणि तिच्या बँकेच्या वह्या तिच्यासारख्याच बायकांच्या हातात आहेत. धनूचे घर कामाने फेडते आणि हिशेब मुकादमाकडे आहे. ‘उचल’ हा शब्द हा फरक सांगतो : आधी पैसे उचलले, आता अंग मोडून ते फेडायचे. कोणत्या व्यवहाराला कोणता शब्द, हा भाषेच्या तासाचा प्रश्न इथे पोटाचा प्रश्न होतो.

५. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की आकडे घातले तर गोष्टीचे गणित होऊन जाईल आणि मूल धनूला विसरेल. आक्षेप गंभीर आहे. पण पावती वाचता येणे हा धनूच्याच गोष्टीचा भाग आहे. त्याला गुणाकार-भागाकार येत असेल, तर त्या घरात हिशेब पडताळून पाहू शकणारा तो कदाचित पहिला माणूस असेल. मामीने आणलेल्या कोऱ्या वहीत आठवड्याचे टन लिहिता आले असते. लेखकांनी वही आणि पावती दोन्ही पाठात ठेवल्या, फक्त त्यांची गाठ घालून दिली नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे : मग धनू फडातच शिकतो आहे, शाळा हवी कशाला? हे म्हणणे क्रूर ठरेल. मोळ्या बांधणारे मूल दमलेले असते आणि दमणे म्हणजे शिकणे नव्हे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा याच कारणासाठी आहे. पावतीवर चार विषय आहेत, हे दिसण्यासाठी आधी कोणीतरी ते विषय शिकवावे लागतात.

इथे पाठाचा शेवट पुन्हा पाहा. मामीचा उपाय म्हणजे मुलाला आई-वडिलांपासून दूर ठेवणे. शाळा जिथे आहे तिथेच राहते, तिचे वेळापत्रकही तेच राहते, जागा बदलायची ती मुलाने. मामीला दुसरा मार्ग दिसत नाही हे समजण्यासारखे आहे. महाराष्ट्रात कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या आणि गावांत हंगामी वसतिगृहेही सुरू झाली. यांतला एक उपाय शाळेला मुलाकडे नेतो, दुसरा मुलाला शाळेपाशी ठेवतो. कोणता बरा, हे पाचवीच्या वर्गात चर्चेला येऊ शकते. पण पाठाच्या कथनात मामीचाच आवाज शेवटचा राहतो.

६. समारोप

या वाचनातून समीक्षेसाठी एक कसोटी मिळते. एका सूत्राखाली अनेक गोष्टी गोळा केल्या, म्हणजे विषय जोडले गेले असे होत नाही. एका विषयाच्या आधाराने सुटत नाही असा प्रश्न मुलाच्या हातात दिला, तरच ते जोडले जातात. ‘फिर चला काफिला’ आपल्याला अशा प्रश्नाच्या दारापर्यंत आणून सोडतो. हे श्रेय मोठे आहे, कारण पुष्कळ पुस्तके त्या वाटेलाच जात नाहीत. पुढचे पाऊल टाकणे शिक्षकाच्या हाती राहते, आणि तुमच्यापैकी काही जण उद्या शिक्षक होणार आहात.

स्वाध्याय

१. तुमच्या राज्यातील चौथी किंवा पाचवीच्या दोन वेगवेगळ्या विषयांच्या पुस्तकांत एकच व्यवहार (कर्ज, बाजार, प्रवास, पाणी) कसा आला आहे, याची तुलना करा.

२. धनूच्या जागी तुमच्या भागातील स्थलांतरित कुटुंबातील मूल घेऊन, त्याच्या घरात येणाऱ्या एका कागदाभोवती (पावती, रेशनकार्ड, वीजबिल) पाचवीसाठी एक पाठ रचा.

३. ‘मुलाने जागा बदलावी की शाळेने?’ या प्रश्नावर दोन्ही बाजू मांडून तुमचे मत लिहा.