कॉलमची ती एक ओळ नीट वाचा

हवेतल्या किंवा पाण्यातल्या बाष्पनशील प्रदूषकांवरचा शोधनिबंध हाती आला की आपण थेट निष्कर्षांच्या तक्त्याकडे धावतो. आधी ‘साहित्य व पद्धती’ मधली गॅस क्रोमॅटोग्राफीच्या कॉलमची ओळ वाचा. माझा आक्षेप त्या ओळीवरच आहे. बऱ्याचदा कॉलम निवडलेला नसतोच. प्रयोगशाळेत बसवलेला असतो, तोच लिहिला जातो.

सावनेरचं उदाहरण घेऊ. परिसरात वेकोलिच्या कोळसा खाणी, नागपूरच्या बाजूला खापरखेडा-कोराडीची औष्णिक वीज केंद्रं, शिवाय छिंदवाडा रस्त्यावरचे ट्रक. इथल्या हवेतलं बेंझिन, टोल्युइन आणि झायलिन मोजायचंय समजा. नेहमीचा कॉलम म्हणजे ५ टक्के फिनाइल, ३० मीटर लांबी, ०.२५ मिमी व्यास, ०.२५ मायक्रॉन फिल्म. पीएएचसाठी छान. पण बेंझिन ८०.१ अंश सेल्सिअसलाच उकळतं. इतक्या पातळ फिल्ममध्ये ते फार रेंगाळत नाही. उणे १३ अंशांना उकळणारं व्हिनाइल क्लोराइड तर जवळजवळ थांबतच नाही.

त्याच व्यासात फिल्म १.४ मायक्रॉनची केली की फेज रेशो २५० वरून ४५ च्या आसपास येतो. फेज आणि तापमान तेच ठेवलं, तर धारणा साधारण साडेपाच पट वाढते. बाष्पनशील संयुगांसाठीचे ‘६२४’ प्रकारचे कॉलम जाड फिल्मचे असतात ते यामुळेच. हे फुकट मिळत नाही: वेळ जास्त लागतो, ब्लीडही वाढतं.

आता झायलिन. पॅरा १३८.४ अंशांना उकळतं, मेटा १३९.१ ला. वरच्या दोन्ही कॉलमांवर ती सहसा एकाच शिखरात येतात, आणि वर्णपट जवळपास सारखे असल्यामुळे मास स्पेक्ट्रोमीटरही सोडवत नाही. म्हणून प्रामाणिक निबंध ‘मेटा + पॅरा’ असंच लिहितो. दोघांचे वेगळे आकडे दिसले, तर कॉलम पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा आहे का, ते बघा. नसेल तर शंका घ्या. मेटा झायलिन हायड्रॉक्सिल रॅडिकलशी पॅरापेक्षा वेगाने अभिक्रिया करतं. विभागणी चुकली की ओझोनचं गणितही चुकतं.

२००९ च्या राष्ट्रीय मानकांत बेंझिनची वार्षिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. गावाची हवा या रेषेच्या आत की बाहेर, हे तुमच्या शिखरावरून ठरणार. तेव्हा संशोधन प्रस्तावात कॉलमच्या मापांपुढे एक वाक्य जोडा: हाच कॉलम का? ते वाक्य लिहिता येत नसेल, तर नमुने गोळा करायची घाई करू नका.